सुकरीने फोडलेला बांध

पोशेऱ्याची सुकरी तशी कुणाला भिणारी बाई नव्हे. नवरा वारला त्या सालीच पदर खोचून तिने स्वतः नांगर धरला. चुलीपाशी निघालेला सापही चिमट्यात धरून बाहेर फेकला. पण यंदा श्रावणात नखाएवढ्या अळीने तिच्या तोंडचं पाणी पळवलं.

भाताचं पान कातरायचं, त्याची सुरळी करायची आणि आत बसून हिरवं खरवडून खायचं, असले त्या मेलीचे धंदे! आठ दिवसांत अर्धं खाचर पांढरं पडलं. भात गेलं की दिवाळीनंतर वीटभट्टीवर मजुरीला जाणं आलंच. मग लेकीच्या, प्रगतीच्या दहावीचं काय? धाकटी जाऊ राही म्हणाली होती, "पोरीला माझ्याकडे ठेव." तेवढाच काय तो आधार.

शेतीच्या साहेबांनी मागे उपाय सांगितला होता. भातावरून दोरी ओढायची, सुरळ्या पाण्यात पाडायच्या आणि पाणी काढून द्यायचं. रविवारी मायलेकींनी दोरी ओढली. सुरळ्या टपाटप पडून तरंगू लागल्या. "मरा मेल्यांनो!" म्हणत सुकरीने बांध फोडला.

"आये, थांब! खाली काकीचं भात आहे!" प्रगती ओरडली.

अगं बाई गं! पाणी सोडाल त्या तोंडाशी जाळी लावा, असंही साहेब म्हणाले होते. घाईत ही बाई नेमकं तेच विसरली. ती फुटलेल्या बांधात फतकल मारून बसली, पदर पसरून सुरळ्या अडवू लागली. निम्म्याअधिक कधीच खाली गेल्या होत्या.

तेवढ्यात राही आली. "वहिनी, पाण्यात काय बसलीस?"

खेकडे धरतेय म्हणावं का? सुकरीच्या मनात आलं.

"राही, माझ्या अळ्या तुझ्या भातात सोडल्या गं मी."

राहीने वाकून आपलं खाचर पाहिलं. तरंगणारी एक सुरळी उचलून तिने बोटांनी उकलली. तिने शिव्या घातल्या असत्या तरी सुकरीला बरं वाटलं असतं.

"प्रगतीला ठेवीन म्हटलंय, तर ठेवीन," राही म्हणाली. "पण तिला खायला काय घालू, ते तूच सांग."



राहीने दोरीचं एक टोक उचललं, दुसरं प्रगतीकडे फेकलं आणि दोघी राहीच्या खाचरात उतरल्या. सुकरीने आपला बांध बुजवला, राहीचा फोडला आणि ती त्याच्या तोंडाशी पदर पसरून बसली. येईल ती सुरळी ती चिरडत होती.