घरबसल्या पगार आणि बाबांचा खुलासा

पुण्यातल्या कंपनीत राजीनामा दिला तर साहेबांनी फर्मावलं, "तीन महिने घरी बसा." पगार चालू, पण लॅपटॉप जमा, आणि तोवर दुसरीकडे काम करायचं नाही. याला म्हणे गार्डनिंग लीव्ह म्हणतात. मी जिकडे निघाले होते ती कंपनीही आमच्यासारखंच बँकांचं सॉफ्टवेअर करायची. माझ्या डोक्यातलं तिथे ताजं पोचू नये म्हणून मला आधी शिळं होऊ द्यायचं! मला काय, बॅग भरली आणि अकोल्याला आईबाबांकडे येऊन आडवी झाले.

आमची कॉलनी सगळी सरकारी नोकरदारांची. इथे घरबसल्या पैसे मिळणारा माणूस म्हणजे निलंबित, दुसरं काही असूच शकत नाही. त्यात बाबा आस्थापना शाखेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निलंबनाचे कितीतरी आदेश त्यांच्याच हातचे. मी पहिल्याच दिवशी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"मंग लॅपटॉप कावून घेतला?"

"नियम आहे, बाबा."

"हो, तसाच राह्यते नियम," म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

चार दिवसांत शेजारच्या काकू डबाभर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीच्या तळलेल्या वड्या, घेऊन हजर. "खाय पोरी, मन लहान नको करू. तुह्या काकालेही बसवलं होतं घरी, दोन वर्सानं घेतलं ना वापस!"

"काकू, मी स्वतः सोडली नोकरी!"

"हो वं माय, सगळे असंच सांगतेत."

असं डोकं फिरलं माझं! सांबारवड्या मात्र एकटीनं संपवल्या.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण बाबांनी सकाळी बागेत फिरायला जाणं बंद केलं. पावसातसुद्धा छत्री घेऊन जाणारा माणूस, आता दार लावून खोलीत बसायचा. मित्रांना तोंड दाखवायची लाज वाटत असणार. लोक काय वाट्टेल ते म्हणोत, पण बाबांना मी बेइमान वाटावी? नोकरीचं करारपत्र छापून आणून त्यांच्यापुढे आपटलं, "वाचा!" त्यांनी चष्मा पुसून पुसून इंग्रजी कलमं वाचली आणि कागद ठेवून दिला.

दुसऱ्या महिन्यात साहेबांचा फोन आला. मला असं पगारी बसवलेलं पाहून टीममधल्या दोघांनी राजीनामे दिले होते. "परत ये, टीमलीड करतो." मागे एकदा बँकेचं काम अडलं, तेव्हा माझी चूक नसताना याच साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझं नाव पुढे केलं होतं. मी सोडलं ते त्यासाठी. तरी टीमलीड म्हटल्यावर मन चळलंच. उद्या सांगते म्हटलं.

त्याच दुपारी पेन शोधायला बाबांचा ड्रॉवर उघडला. आत फुलस्केप कागदांचा गठ्ठा. वर सुवाच्य अक्षरात विषय: 'निलंबन मागे घेणेबाबत खुलासा.' अर्जदार मी. तारीख मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. खाली मुद्दे, खाडाखोड, पुन्हा मुद्दे. सगळं माझ्या वतीनं, 'मी' 'मी' करत लिहिलेलं. आणि शेवटी, जन्मात मसुद्यात चूक न केलेल्या माणसानं लिहिलं होतं, 'तिने काहीही गैर केलेले नाही. ती माझी मुलगी आहे.'

बाबा दारात उभे होते.

"तुमी बागेत यासाठी नव्हते जात?"

"सकाळी डोकं चांगलं चालते," ते ओशाळून म्हणाले. "वाचला मी तुहा कागद. पन हा खुलासा असू दे म्हटलं, कामी पडते."

मला हसूही आलं, रडूही आलं. मी काही केलंय का, हे या माणसानं मला एकदाही विचारलं नव्हतं.

साहेबांना लगेच फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बागेत गेले. खिशात माझं करारपत्र घेऊन गेले, मित्रांना वाचून दाखवायला.