सातावरून तीन

काळ्या कापडावर पांढरा कोंडा लपत नाही. कटिंग मास्तरांचं जगाशी जे भांडण होतं ते या एका गोष्टीवरून. कोंडा डोक्यातला असता तर टोपी घालून भागलं असतं. हा कोपरांवरून पडायचा, मानेवरून पडायचा, आणि कापायला ओणवं झालं की सगळी भुरभुर थेट कात्रीच्या पुढ्यात. सोरायसिस. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं: कातडी फार घाईघाईने तयार होते आणि खवल्यांनी झडते, हे दुसऱ्याला लागत नाही, मुळापासून जात नाही, पण मलमाने आटोक्यात राहतं. मास्तरांनी त्यातलं ‘जात नाही’ एवढंच डोक्यात घेऊन घर गाठलं.

घरी ताई होती. मास्तरांहून सहा वर्षांनी मोठी, नवरा गेल्यावर भावाकडे आलेली, आणि आल्या दिवसापासून स्वयंपाकघराची एकछत्री मालकीण. रोग ताटातून आला, ताटातूनच जाईल, हे तिचं ठाम मत. आधी टोमॅटो गेले. मागोमाग वांगी, बटाटे, मिरच्या. मग दूध. कुणी जिन्यात काही सांगावं आणि ताईने ते दुसऱ्या दिवशी बंद करावं. मलम रोगाला आत दाबतं, हेही जिन्यातच कळलं, तेव्हा मलमही बंद. त्याला मास्तरांनी हरकत घेतली नाही, कारण मलमाने सदरे चिकट व्हायचे. शेवटी ताटात उरला भात आणि उकडलेला भोपळा. भोपळ्याकडे मास्तर असे बघायचे, जणू त्यानेच त्यांची बाही आखूड कापली होती.

इकडे वर्कशॉपमध्ये दोन काळे कोट गिऱ्हाइकांनी परत पाठवले होते. अस्तरात कोंडा. मालकीण मॅडमनी आवाज न चढवता सांगितलं होतं की तिसरा आला तर कटिंगचं टेबल उंटाकडे जाईल. उंट म्हणजे हाताखालचा कटर, लांब मानेचा, जो टेबलाजवळून जाताना मुद्दाम फुंकर मारून जायचा. सव्वीस वर्षं मास्तर त्या टेबलाशी उभे होते. त्याच्यावाचून आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

मास्तरांचा विश्वास मापावर. पथ्याचा उपयोग होतो की नाही ते टेप सांगेल, असं त्यांनी ठरवलं. पाठीवरचा मोठा चट्टा दर रविवारी मोजायचा. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून टेप ताईच्या हातात.

पहिल्या रविवारी ताई म्हणाली, सात. दुसऱ्या रविवारीही सात. मग तिने गहू बंद केला, आणि तिसऱ्या रविवारी तिचा आवाजच बदलला. तीन.

मास्तरांनी त्या दिवशी भोपळा दुसऱ्यांदा मागून घेतला. सोमवारी सकाळी टेप गळ्यात अडकवून ते मॅडमच्या खोलीत गेले आणि सातावरून तीन झाल्याचं सांगून आले. मॅडमनी चाळीस काळ्या कोटांचं काम त्यांच्याच टेबलावर ठेवलं. उंटाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण पाठ गप्प बसेना. खाज अशी, की मास्तर दाराच्या चौकटीला पाठ घासायला लागले. पुढच्या रविवारीही ताईने तीनच सांगितलं, तेव्हा ते वैतागून म्हणाले, आकड्यावर अंगठा तसाच धर आणि टेप पुढे आण. तिने आणली. अंगठा तिनावर होता. इंचाच्या तिनावर. मास्तरांनी टेप उलटी केली. सेंटिमीटरच्या बाजूला साडेसाताच्याही पुढे.

“पहिल्यांदा सात सांगितलंस, ते कुठल्या बाजूने?”

“टेपला बाजू असते?”

मास्तरांनी तिला अडाणी म्हटलं. माझं टेबल घालवायला निघालीस, म्हणाले. ताईने सगळं ऐकून घेतलं, टेपची गुंडाळी केली आणि त्यांच्यापुढे आपटली.

“सव्वीस वर्षं हे गळ्यात घालून हिंडतोस. सातावरून एकदम तीन झालं, तेव्हा तुला नाही विचारावंसं वाटलं?”

 शिकाऊ पोराने घेतलेलं माप मास्तर दोनदा तपासायचे. हे गोड लागलं म्हणून गिळलं होतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे ताईही आली, बंद केलेल्या पदार्थांची यादी मुठीत घेऊन, साक्षीला यावं तशी. बाईंनी यादी वाचली आणि आधी विचारलं की मलम कुणी थांबवलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग त्या म्हणाल्या की कुठल्याही एका पदार्थाने हा आजार बरा होत नाही. गहू काहींना बाधतो, पण मास्तरांच्या तपासणीत तसं काही नाही. कशाचा संशय असेल तर ती एकच गोष्ट महिनाभर थांबवून बघावी, सगळं ताट नव्हे. वजन मात्र थोडं उतरलं तर फायदा होईल.

“आणि दारू?”

“छे,” ताई म्हणाली. “आमच्या घरात कुणी शिवत नाही.”

मास्तर वजनकाट्याकडे बघत राहिले.  खोटं बोलावं असं मास्तरांच्या मनात आलंही होतं. पण पाठ पेटली होती, आणि खोट्या आकड्यांनी काय होतं ते कालच कळलं होतं.

“रोज दोन ग्लास,” ते म्हणाले. “कामावरून येताना.”

बाईंनी सांगितलं की दारूने हा आजार खरोखर वाढू शकतो, आणि आता गोळ्या सुरू करायच्या तर ती आधी सोडावी लागेल. फरक दिसायला दोन-तीन महिने. ताईने यादीचे चार तुकडे करून बाईंच्या टोपलीत टाकले.

“मी याच्या ताटातले टोमॅटो वेचत बसले,” ती बाईंना म्हणाली, भावाला नव्हे. “आणि हा म्हणायचा, ओव्हरटाइम होता.”

घरी ती पुढे चालत गेली, मास्तर मागे. दारातच तिने सांगून टाकलं, उद्यापासून तुझं तू रांध.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःच मॅडमकडे गेले आणि तीन नव्हे, साडेसात, असं सांगून टाकलं. चट्टा वाढलाय, तीन महिने लागतील. मॅडमनी थोडा विचार करून तोड काढली. टेबल उंटाला द्यावं लागेल, पण मास्तरांनी हवं तर दवाखान्याचे पांढरे कोट कापावेत.

“पांढऱ्यावर दिसणार नाही म्हणून?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. तीन महिन्यांनी काळ्याचं बघू.

मास्तरांनी कात्री मॅडमच्या टेबलावर ठेवली. लपून कापायचं नाही, म्हणाले, आणि काजं-बटणांच्या बाकावर जाऊन बसले. आजवर मनगटापर्यंत बंद असायच्या त्या सदऱ्याच्या बाह्या त्यांनी कोपरांच्या वर दुमडल्या. लाल, खवल्यांचे दोन्ही कोपर उघडे. परत सुरू केलेलं मलम चकाकत होतं. शेजारची बाई जराशी सरकली. मास्तरांनी तिला, दुसऱ्याला लागत नाही, एवढं सांगून सुईत दोरा ओवला.

दुपारी उंट टेबल सोडून मुद्दाम आला, मान लांब करून कोपर बघत उभा राहिला आणि फार काळजीने विचारलं, खाज येते का हो, मास्तर?

“तुला बघितलं की येते,” मास्तर म्हणाले, आणि दात लावून दोरा तोडला.