टाकीटाकीचं सोवळं

डॉक्टर टिपणीसांच्या घरी चहाच्या आधी हात धुवावे लागत, कोपरापर्यंत, आणि तेही साबणाशिवाय. "साबण माणसांना ठीक आहे," ते म्हणत, "माशांना सोसत नाही." मग ते पाहुण्याला गराजमध्ये नेत. चहा त्यानंतर, आणि बहुतेक वेळा गार झालेला.

ब्रिस्टलमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून ते राहत. आम्ही एकाच हॉस्पिटलात नोकरी केली. ते भूल देणारे डॉक्टर, मी एक्स-रे विभागात. त्यांनी आयुष्यभर झोपलेल्या माणसांचे श्वास मोजले आणि निवृत्त झाल्यावर ते माशांच्या कल्ल्यांची उघडझाप मोजत बसले. मासे तरी कसले, दोन बोटं लांब, राखेच्या रंगाचे आणि अंड्यांऐवजी थेट पिल्लं देणारे. पण मेक्सिकोच्या वाळवंटातल्या ज्या नदीचे ते होते, तिचं पाणी शेतीसाठी उपसून उपसून संपलं होतं. तिच्या काठचे दोन झरे, वरचा आणि खालचा, आटले होते. तिथले मासे उरले ते अशा काही हौशी लोकांच्या टाक्यांत. डॉक्टर एकदा तिथे जाऊन आले. काय पाहिलंत, म्हणून मी विचारलं. "गुरांच्या खुरांचे ठसे," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

दोन्ही झऱ्यांचे मासे दिसायला अगदी सारखे, पण कुळं वेगळी. डॉक्टर म्हणत, "हजारो वर्षं ते एकमेकांना भेटलेले नाहीत. आपण कोण भेट घडवणारे?" म्हणून टाक्या दोन, जाळ्या दोन, पाणी बदलायच्या नळ्याही दोन. वहिनी हयात असताना त्यांनी जाळ्यांना लाल आणि हिरवी लोकर बांधून दिली होती. देवापुढे कधी हात न जोडणारा हा माणूस गराजमध्ये असं कडक सोवळं पाळायचा की एखाद्या भटजीने येऊन शिकून जावं. मी चिडवत असे. ते हसत, पण लाल जाळी माझ्या हातातून काढून घेत.

एका जुन्या सहकाऱ्याची इथेच वाढलेली मुलगी, अनघा, ग्लासगोला दातांची डॉक्टर आहे. तिच्या लग्नात टिपणीसांनी आहेर म्हणून झाकणाच्या डब्यातून खालच्या झऱ्याचे बारा मासे दिले. हॉलमध्ये हशा पिकला. मीही म्हटलं, "अहो डॉक्टर, चांदीची वाटी तरी द्यायची!"

"एकाच घरात ठेवलेली वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू, सुषमाताई. जपायचं असेल तर वाटून टाकावं."

दिल्यावर मात्र त्यांनी माशांची कधी चौकशी केली नाही. आहेर दिला की त्यावरचा आपला हक्क संपला, असं त्यांचं मत होतं.

सहा वर्षांनी एका सकाळी ते पायात मोजे घालून, बुटांशिवाय, माझ्या दारात आले. खालच्या झऱ्यात पाणी परत सोडलं होतं आणि तिथल्या शास्त्रज्ञांना त्याच झऱ्याचे, अस्सल मासे हवे होते. त्या माणसाला इतकं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दुर्दैवाने त्याच महिन्यात त्यांच्या बायपासची तारीख आली. गराजची किल्ली त्यांनी मला दिली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तर खालच्या झऱ्याच्या टाकीचा सांधा उसवलेला. पाणी जमिनीवर, मासे वीतभर पाण्यात. मी लगेच जाळी उचलली, रंगही बरोबर पाहिला, आणि सगळे मासे शेजारच्या टाकीत सोडले. एकही मेला नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की तीन दिवसांनी वॉर्डात शिरल्या शिरल्या मी ते सांगून टाकलं.

त्यांनी डोळे मिटले. रुग्णाला उलटे आकडे मोजायला लावताना ते ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात म्हणाले, "मासे वाचले, सुषमाताई. झरा गेला."

आता कुठला मासा कुठला, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. माद्यांच्या पोटातल्या पिल्लांचं तर नाहीच. मला तेव्हा कुठे कळलं. मी म्हटलं, दुसरं काय करणार होते?

"टाकीखाली बादली होती."

बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मला अतोनात लाज वाटली.

मग त्यांनी स्वतःचा नियम मोडला. माझ्याच फोनवरून, स्पीकर लावून, अनघाला फोन केला.

"काका! ऑपरेशन कसा झाला?"

"ते राहू दे. मासे आहेत का?"

मी पलंगाची दांडी धरून उभी होते.

"आहेत ना. फॉर्टी-समथिंग, मागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीमध्ये. आणि काका, मी दुसरा कुठलाच फिश त्यात कधी टाकला नाही हं. तुम्ही लग्नात सांगितला होता ना."

डॉक्टरांनी हातानेच मला पाणी मागितलं.

अनघा ट्रेनने डबे घेऊन आली. तीस मासे रीतसर कागदपत्रांसह खालच्या झऱ्याला गेले. मिसळलेले मासे डॉक्टरांनी शेवटपर्यंत सांभाळले. त्यांचा काय दोष, म्हणाले. उरलेल्या अस्सल माशांतले बारा मात्र ते माझ्याकडे घेऊन आले. मी नको म्हटलं. मला भीतीच वाटत होती.

"चुकलेल्या माणसाकडेच द्यावं," ते म्हणाले. "तो विसरत नाही."

झऱ्यातल्या पिल्लांचा फोटो त्यांना पाहायला मिळाला. मागच्या हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधीला आम्ही मोजकेच लोक होतो.

या उन्हाळ्यात इल्फर्डला माझ्या भाचीचं लग्न झालं. आहेर म्हणून मी झाकणाचा डबा नेला, आत बारा मासे. लोक हसायचे ते हसलेच. भाचीने विचारलं, "मावशी, आणि हे काय?"

डब्यासोबत मी एक रिकामी बादली दिली होती.