मुतारीची चावी

“तुम्हीच लाडावून ठेवलंय तिला,” भाकरी थापता थापता मृणाली सासूला म्हणाली. “आता पहिलीत गेली. तिथं कोण बसलंय पुढं पुढं करायला?”

“तीन दिवस पोर शू करताना कळवळते, ते लाड व्हय?” सत्यवती म्हणाली.

मृणालीचा नवरा हितेश उरणच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. आज सुट्टी होती. “भांडू नका. उद्या उरणच्या शाळेत नाव घालतो. व्हॅन येते दारात.”

“त्या कंटेनरच्या रस्त्यानं? केबिनमधून बारकं पोर दिसत न्हाय, असं तूच सांगतोस ना?” सत्यवती म्हणाली.



सत्यवती गावच्या अंगणवाडीत तेवीस वर्षं मदतनीस. कुठलं पोर चुळबुळतंय, हे तिला खिचडी ढवळताना पाठमोरं कळे. अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात. जूनमध्ये नातीला तिनंच बोट धरून पहिलीच्या दारात सोडलं होतं. आणि आता डॉक्टर म्हणत होते, मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही.

तिनं प्राप्तीला पुढ्यात घेतलं, वेणी सोडली.

“पाणी का गं पीत न्हाईस, बाय?”

“प्यायलं की लागते.”

“मग जायचं.”

“कुलूप हाय. चावी सरांकडं.”

“मागायची.”

“सर सगळ्यांसमोर विचारतात, कशाला पाहिजे.”

सत्यवतीचा हात केसांतच थांबला. उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर क्रिकेटच्या सामन्यांना आलेल्यांनी मुतारीची पार घाण केली होती. दोन दिवस तीच घासत होती. मग रागारागानं बाजारातून कुलूप आणून सरांच्या हातात दिलं, वर बजावलं, चावी कुणाला देऊ नका. अंगणवाडीची पोरं ती मागच्या मोरीवर बसवायची. तिला त्या चावीची कधी गरजच पडली नाही.

“सरांना चांगलं सुनवा उद्या,” मृणाली म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

“सरांना काय सुनवू? कुलूप मी आणलंय.”

तव्यावरची भाकरी करपली, मृणालीनं ती घाईनं उतरवली. प्राप्ती आजीच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. सत्यवतीनं तिच्या केसांतून बोटं फिरवली, सैलशी वेणी घातली.

“उरणला कुणी जायचं न्हाय,” ती म्हणाली. “उद्यापासून शाळा भरली की कुलूप मी काढणार, सुटली की मी लावणार. दिवसभर मुतारी उघडी राहील. घासायचं माझ्याकडं.”

“त्याचा पगार देणार आहेत का?” हितेशनं विचारलं.

“न्हाय.”