ताड आणि कळस

दुपारचं जेवण आवरून मी चटईवर पडते. डोळे मिटतात, पण बंदरातली क्रेन कानात कुरकुरत राहते. मग ती कुरकुर वल्ह्याची होते आणि फरशी डुलायला लागते.

होडीत समोर आबा बसलेत. माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

"जाड झालीस गो चांगू. होडी कलतेय एका अंगाला."

"जिवंतपणी कधी एवढं गोड बोलला नाहीत."

ते हसतात. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती, चार-चार मजली, आणि मधून आमचं पाणी. आबा मान उंच करून काहीतरी शोधताहेत. काय, ते मला ठाऊक आहे. टेकडीवरचा ताड आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की खाली खोल पाणी, तिथे मासळी. ही खूण आबांची आणि त्यांचे भागीदार बुधाकाकांची. खूण होडीबाहेर सांगायची नाही, असा आमच्या गावचा नेम. मी हट्टाने होडीत बसायचे, म्हणून मला कळली.

"टेकडी कुठाय?"

"फोडली आबा. तिचीच भर घातली समुद्रात."

होडीचं टेबल होतं. मी पंधरा वर्षांची आहे. समोर मोजणीचे साहेब. शाळेत न जाता वाचायला शिकलेली पोर म्हणून त्यांना माझं केवढं कौतुक! "देश अजून तरुण आहे, त्याला मोठं बंदर हवं. खोल पाणी कुठे, सांग बघू." मी त्यांच्या नकाशावर झोकात ताड-कळसाची रेघ ओढते. खाली सहीपण करते, कुणी मागितली नसताना.

आबा माझ्या खांद्यावरून कागद बघताहेत.

"मी म्हणायचो, बुध्याने फोडली खूण."

"हो."

"मरेपर्यंत बोललो नाही त्याच्याशी. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो नाही. तू मात्र जेवून आलीस."

"मी सांगणार होते आबा. तुमचा राग उतरला की."

"कसा उतरणार? त्याचं औषध तुझ्या तोंडात."

मी कागदावरची माझी सही तळव्याने झाकते.

"चुकले आबा."

"मला काय सांगतेस, मी मेलोय. बुध्या आहे?"

"आहे. आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. ऐकू कमी येतं."

"मग ओरडून सांग. ऐकू दे सगळ्या इमारतीला."

ते वाकून माझ्या पदराचं टोक धरतात, जाळ्याला मारतात तशी गाठ मारतात आणि दातांनी ओढून घट्ट करतात. "नाहीतर विसरशील."

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलेलं असतं. मी पदर सावरते, तर टोकाला गाठ. ओली, घट्ट. नखाने उकरून बघते, हलतसुद्धा नाही. ही गाठ मला कधी आलीच नाही, ना मारायला, ना सोडवायला. ज्याला ती येते असा गावात एकच माणूस उरलाय, आणि तो तळमजल्यावर राहतो.