बशीरचाचांचं दही

बशीरचाचा गेल्याचं सांगायला धाकट्या भावाचा, विनोदचा, फोन आला. "दादा, चाचा..." एवढंच म्हणाला आणि रडत राहिला. मी शाळा सुटून चिखलीच्या बसस्थानकावर आलो होतो. समोरची बस सुटली, तरी तिथंच उभा राहिलो.

गावी, उंद्रीला, आमच्या वावराला लागूनच त्यांचं वावर. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात पूजा मांडायची, दहीभात शिंपडायचा, मगच बाया वेचायला लागणार. वडिलांच्या काळापासून ते दही चाचांच्या घरून यायचं, काठाचा टवका उडालेल्या मडक्यातून. मी बूट घालून वावरात शिरलो की चाचा खेकसायचे, "मास्तर, पूजा हाय, बूट काढ ना बे!" पूजा आमची, धाक त्यांचा.

एका साली बीटी कापूसही बोंडअळीनं पोखरला, तेव्हापासून विनोद बिथरला. पीक गेलेलं, आणि कुठल्याशा शहरातल्या स्फोटाचे व्हिडिओ दिवसभर मोबाइलवर. बाहेरगावचा एक माणूस जीप घेऊन यायचा, पोरांना ‘बदला’ शिकवायचा. पुढच्या सीतादहीच्या सकाळी ती जीप विनोदला न्यायला रस्त्यावर उभी होती, आणि बांधावरून चाचा मडकं घेऊन येत होते.

"तुमचं दही नाही पाह्यजे आता आमाले," विनोद म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा बांधावरच बसले. "राग आला न तुले? मंग मह्यावर काढ. ज्याईचं नाव बी तुले ठाऊक नाही, त्याईच्यावर काऊन काढतं?"

विनोदनं काढला. नको नको ते बोलला... चाचा मडकं मांडीवर धरून ऐकत होते. रस्त्यावर हॉर्न वाजत होता. ओरडून ओरडून विनोदचा आवाज बसला आणि तो त्यांच्याशेजारी मटकन बसून रडायला लागला. जीप निघून गेली.

"घे, दही धर," चाचा म्हणाले. "बाया खोळंबल्या."

त्या जीपमधून गेलेले दोघे पुढे बाजारात बॉम्ब ठेवण्याच्या कटात पकडले गेले. अजून तुरुंगात आहेत. माझा भाऊ घरी आहे. चाचांनी त्या सकाळबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

यंदा कापूस फुटला, बाया आल्या, पण विनोद पूजेला बसेना. सारखा बांधाकडे बघत होता. शेवटी उठून चाचांच्या घराकडे निघाला, मीही मागोमाग गेलो. चाची इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या दिवसांत, त्यामुळे पडद्याआड.

"चाची, मी विनोद. दही..."

पडद्याखालून मडकं सरकलं. भरलेलं.

"रातीच विरजलं बेटा," आतून आवाज आला. "तू येतं का नाही, वाट पाहून राह्यली होती."

परतताना विनोद पुढं, मडकं छातीशी धरून. बांधाशी आल्यावर मी बूट काढले. खेकसायला कुणी नव्हतं.