मंगळवारची सोबत

नागोरावांना सुदर्शन फारसा कळला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. हडपसरच्या त्या इमारतीत तो त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचा, एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा आणि यवतमाळकडचा होता, एवढंच. नागोरावही तिकडचेच. त्यांना ‘काकाजी’ अशी हाक पुण्यात दुसरं कोणी मारत नव्हतं. तेवढ्यावर त्यांचा जीव जडला.

सुदर्शनची बायको भाग्यश्री लेकीला घेऊन माहेरी गेली होती. सहा महिने नीट उपचार घेतलेस तर परत येईन, असं सांगून. एकदा त्यानं जिन्यातच विचारलं, “काकाजी, मंगळवारी संध्याकाळी माझ्यासोबत कॅम्पात याल का? व्यसन सोडणाऱ्यांची बैठक असते. जाताना काही वाटत नाही. येताना मधल्या एका स्टॉपवर पाय आपोआप उतरतात. शेजारी कोणी असलं तर नाही उतरत.”

कसलं व्यसन, हे नागोरावांनी विचारलं नाही. त्यांच्या लेखी व्यसन म्हणजे दारू. सात मंगळवार ते गेले. खोलीत दहा-बारा माणसं गोल करून बसायची आणि नागोराव बाहेर बाकावर. परतताना तो स्टॉप आला की सुदर्शन पुढच्या सीटची दांडी धरायचा. बोटं पांढरी पडायची. बस सुटली की हळूच म्हणायचा, “गेला.”

मग नागोरावांनी घोळ घातला. कौतुक पोटात मावेना, म्हणून सोसायटीचे अध्यक्ष श्रीनिवासराव यांच्या कानावर गोष्ट घातली. गणपतीत दहावी पास झालेल्या मुलांचे, निवृत्त मंडळींचे सत्कार व्हायचे. त्या यादीत एक नाव वाढलं. आरतीनंतर माइकवरून पुकारा झाला, “दारू सोडल्याबद्दल श्री. सुदर्शन!” शाल अंगावर पडेपर्यंत त्याला पत्ता नव्हता.

“दोन शब्द बोला.”

“मी दारू कधी प्यायलोच नाही.”

“अहो, तसं तर पिणारे सगळेच म्हणतात,” श्रीनिवासराव म्हणाले. “हा नारळ घ्या. जड आहे, तोल सांभाळा.”

मांडव खळखळून हसला.

घरी जाताना जिन्यात सुदर्शननं नारळ पायरीवर ठेवला आणि सांगून टाकलं. दारू नव्हे, बाया. पैसे देऊन, अनोळखी, कधी एका दिवसात दोनदा. “सुखासाठी नाही हो, काकाजी. किळस येते, आंघोळ करतो, रडतो आणि परत जातो. डॉक्टर म्हणाले, हाही आजारच. बैठकीबाहेर हे फक्त तुम्हाला सांगतोय.”

नागोराव “बरं” म्हणाले. घरात नात उत्कर्षा अभ्यासाला बसली होती. आत जाऊन त्यांनी कडी लावली. एरवी झोपेपर्यंत उघडं असणारं ते दार. सुदर्शनची पावलं वर जाताना ऐकू यायला बराच वेळ लागला.

पुढच्या पंधरा दिवसांत टेम्पो आला आणि त्याचं सामान गेलं. नोकरीही सोडली म्हणतात. भाग्यश्री परत आली का, तो बैठकीला जातो का, कोणालाच ठाऊक नाही. फोन लागत नाही. वर आता दुसरं बिऱ्हाड आहे, तरी मंगळवारी साडेपाचला जिन्यात पावलं वाजली की नागोरावांच्या हातातला चहा निवून जातो. एकदा ते एकटेच त्या बसनं गेले. येताना तो स्टॉप आला तशी त्यांनीच दांडी धरली. शेजारच्या रिकाम्या सीटवर एक बाई बसायला आली, तर त्यांच्या तोंडून निघालं, “इथे कोणीतरी आहे.”

सत्कारानंतरच्या मंगळवारी सुदर्शन दाराशी आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. दोघांचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

“येता का, काकाजी?”

“आज गुडघा धरलाय रे.”

“असू द्या. शेकून घ्या.”

“जेवलास का?”

“आल्यावर जेवतो.”